कोविडात अडकलेल्या घरच्या फायली: कोणती मुदत गेली, कोणती अजून आहे आणि सुरुवात कुठून करायची

‘कोविडात सगळ्या मुदती वाढवून दिल्या होत्या ना, वकीलसाहेब?’ तालुक्याच्या कोर्टात हा प्रश्न अजून कानावर येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा चार कामं एकदम असतात: हातउसने दिलेले पैसे, गेलेल्या भावाच्या नावावरची जमीन, बँकेतली ठेव आणि कोविड मृत्यूच्या सानुग्रह अनुदानाचे मिळायचे राहिलेले पन्नास हजार. चारही कामांचं उत्तर वेगवेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने वाढवली ती कोर्टात दाद मागायची मुदत. चेकची मुदत वाढली नाही, घरभाडं माफ झालं नाही, वारस नोंद आपोआप लागली नाही आणि सानुग्रह अनुदानाला तर स्वतःचीच वेगळी तारीख होती.

हे एकत्र कालवलं गेल्यामुळे पुष्कळ घरांत ‘बघू, मुदत आहे’ म्हणत २०२१ ची फाईल अजून तशीच पडून आहे. ती कशी सोडवायची, ते क्रमाने पाहू. उदाहरणं महाराष्ट्रातली आणि मुख्यतः हिंदू वारसा कायद्यातली आहेत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे वेगळे पडतात, बाकीची वाट बरीचशी सारखीच.

पायरी १: कागदांचे गठ्ठे पाडा

सगळे कागद जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा की हे काम कोणाच्या दारातलं. कोर्ट, तलाठी, बँक, सोसायटी, मृत्यू नोंदणी कार्यालय. एका गठ्ठ्याची मुदत दुसऱ्याला लावायची नाही. ज्या कागदावर तारीख नाही, त्यावर पासबुक किंवा पोस्टाची पावती पाहून तारीख घाला. मुदतीचा हिशेब ‘त्या उन्हाळ्यात कधीतरी’ यावर होत नाही.

पायरी २: कोर्टाच्या मुदतीचं गणित

सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला स्वतःहून दखल घेऊन मुदती थांबवल्या. मधे त्या सुरू झाल्या, दुसरी लाट आल्यावर पुन्हा थांबल्या, आणि शेवटचा आदेश आला १० जानेवारी २०२२ ला. आज कामाचा तोच. त्यात सांगितलं ते असं: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत मोजायचा नाही. ज्याची मुदत या काळात संपली असती त्याला १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळतील, आणि शिल्लक मुदत ९० दिवसांहून जास्त असेल तर ती जास्तीची मिळेल. दोन्ही तारखा धरून हा काळ ७१६ दिवसांचा होतो, म्हणजे दोन वर्षांना दोन आठवडे कमी.

आता हिशेब. तुम्ही १० जानेवारी २०१९ ला मेहुण्याला दोन लाख हातउसने दिले. दाव्याची मुदत तीन वर्षं. १५ मार्च २०२० ला साधारण एक वर्ष दहा महिने शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजा, म्हणजे डिसेंबर २०२३ च्या अखेरीस मुदत संपली. पैसे लॉकडाऊनमध्येच, समजा जून २०२० मध्ये दिले असतील, तर पूर्ण तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून सुरू होतात आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस संपतात. आणि ज्याची मुदत १५ मार्च २०२० च्या आधीच संपली होती, त्याला या आदेशाचा काहीच उपयोग नाही.

म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीचे कोविडकाळातले बहुतेक दावे आता गेले. तरी दोन ठिकाणी जरूर शोधा.

एक, लेखी कबुली. मुदत संपायच्या आत समोरच्याने सही करून देणं मान्य केलं असेल, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. व्हॉट्सॲपवर ‘दादा, ऊस गेला की तुमचे राहिलेले दीड लाख देतो’ असा मेसेज असेल तर फोन विकू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात प्रमाणपत्रासह दाखल करता येतो. समोरचा अजूनही बोलण्यातला असेल, तर मुदत उलटलेल्या देण्याबद्दलही त्याच्याकडून नवं लेखी वचन सहीनिशी घ्या. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे असं वचन चालतं. नात्यातल्या व्यवहारात ही वाट दाव्यापेक्षा कितीतरी बरी.

दुसरं ठिकाण म्हणजे बारा वर्षांच्या मुदतीची कामं. इथे ते ७१६ दिवस अजून जिवंत आहेत. पैशांचा किंवा ताब्याचा हुकूमनामा झाला, पण दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावायची राहून गेली, अशा फायली गावोगाव आहेत. समजा हुकूमनामा २० जून २०१३ चा आहे. बारा वर्षं २० जून २०२५ ला भरली. ७१६ दिवस वगळले की तारीख ६ जून २०२७ वर जाते. ‘बारा वर्षं झाली, आता काही होत नाही’ असं कुणी सांगितलं, तर हे गणित कागदावर मांडून आपल्या वकिलांसमोर ठेवा. मात्र शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ७१६ दिवसांवर हरकत येणार, ती ऐकली जाणार, आणि अशा वादात दोन-तीन महिने हाताशी असलेले बरे.

चेकचं वेगळं. चेक तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. ही मुदत रिझर्व्ह बँकेची, आणि सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२० ला तिच्यात हात घालायला नकार दिला. चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या, नोटिशीच्या मुदतीला सवलत मिळाली, पण चेकच वेळेत टाकला नसेल तर १३८ चा विषय तिथेच संपतो. देणं मात्र संपत नाही, त्याला वरचा तीन वर्षांचा हिशेब लागतो.

पायरी ३: मृत्यूचा दाखला आणि त्यावरचं नाव

मृत्यूची नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नाही. कराड तालुक्यातला माणूस पुण्याच्या दवाखान्यात गेला, तर दाखला पुणे महापालिकेचा. दुसऱ्या लाटेत काहींनी गावच्या ग्रामपंचायतीतही नोंद करून घेतली. अशा दोन नोंदी असतील तर एक रद्द करून घ्या. दोन दाखल्यांवर दोन तारखा निघाल्या की पुढे प्रत्येक टेबलावर फाईल परत येते.

मग नाव तपासा. दवाखान्यात भरती करताना जो नातेवाईक होता त्याने घाईत सांगितलं तेच दाखल्यावर उतरलं. सातबाऱ्यावर ‘पांडुरंग ज्ञानू’, आधारवर ‘पांडुरंग ज्ञानदेव’, दाखल्यावर नुसतं ‘पांडूरंग’. दुरुस्तीसाठी ज्या कार्यालयाने नोंद केली तिथेच अर्ज करा, सोबत आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लावा. ही दुरुस्ती सगळ्यात आधी करा, कारण पुढचे सगळे कागद या एका नावावर उभे राहतात.

नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर आता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला. स्मशानभूमीची पावती, दवाखान्याचे कागद आणि पोलीस पाटलाचा दाखला जपून ठेवा.

आणखी एक खुलासा. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते डॉक्टरांनी भरलेल्या नमुना ४ मध्ये असतं, घरी मृत्यू झाला असेल तर ४अ मध्ये. ‘दाखल्यावर कोविड लिहिलंच नाही’ म्हणून अनेक जण गप्प बसले. ते कारण तिथे असणारच नव्हतं.

पायरी ४: वारस कोण, हे आधी घरात ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

समजा एप्रिल २०२१ मध्ये ४२ वर्षांचा नोकरदार गेला. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलं, आई आणि वडील. त्याने स्वतः घेतलेला फ्लॅट आणि बँकेतले पैसे कोणाचे? पत्नी, दोन मुलं आणि आई या चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. वडिलांना काही नाही, कारण ते पहिल्या वर्गाचे वारस नाहीत. आई आहे. अर्जात पत्नी आणि मुलांचीच नावं टाकून आईला वगळणं ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक, आणि ती बऱ्याचदा मुद्दाम केलेलीही नसते. ‘सासूबाईंचं काय, त्या आमच्याजवळच राहतात,’ एवढाच विचार असतो.

पण काम रेंगाळलं आणि २०२३ मध्ये सासूबाई गेल्या, तर? त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो: त्यांचे पती, हयात मुलगे आणि मुली, आणि गेलेल्या मुलाच्या वाट्याला त्याची मुलं. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटवर आता सांगलीच्या नणंदेची आणि मुंबईच्या दिराचीही सही लागणार. उशिराची खरी किंमत ही असते. दंड किरकोळ असतो, पण सह्या वाढत जातात.

वडिलोपार्जित जमिनीत गणित वेगळं पडतं, तिथे आधी त्या माणसाचा एकत्र कुटुंबातला हिस्सा काढावा लागतो. ते वंशावळ समोर ठेवून जाणकाराकडूनच करून घ्या.

नवरा-बायको एका पाठोपाठ गेले असतील तर दोघांच्या मृत्यूची वेळ दवाखान्याच्या कागदांवरून काढून ठेवा. आधी कोण गेलं हे कळलंच नाही, तर धाकट्याने थोरल्यामागे जीव सोडला असं हिंदू वारसा कायद्याचं कलम २१ धरून चालतं. मूलबाळ नसलेल्या जोडप्याच्या बाबतीत यावरून मालमत्तेची दिशा बदलू शकते.

वॉर्डातून काढलेला व्हिडिओ, ‘माझं सगळं धाकट्याला’ असा ऑडिओ? मृत्युपत्र म्हणून तो टिकत नाही. लेखी दस्त, त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. घरात सगळ्यांनी मिळून त्या शब्दाचा मान राखला तर चांगलंच, पण मग त्याचं रीतसर हक्कसोडपत्र करून नोंदवा.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं, मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याचे पैसे त्यांच्याच हक्काचे, असं विमा कायदा म्हणतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं, आणि तो वाद ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून उभा राहिला होता. एरवी नॉमिनी पैसे उचलतो ते वारसांसाठी.

पायरी ५: बँक, विमा आणि पीएफ

खात्याला नॉमिनी असेल तर अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर काम व्हायला हवं. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश वाचून जा. किमान १५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र न मागता हमीपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र यावर पैसे द्यायचे, आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यायचे, असं त्यात आहे. अंमलबजावणीसाठी बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच नसेल तर ते १५ दिवस कधी सुरू झाले हे तुम्ही दाखवू शकत नाही.

खातं कुठल्या बँकेत होतं हेच माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नावाने शोधता येतं. मात्र तिथे दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी दिसतात. २०२१ मध्ये गेलेल्या माणसाचं तोवर वापरात असलेलं खातं त्यात सापडेलच असं नाही. त्यासाठी जुने एसएमएस आणि कपाटातली पासबुकं हाच मार्ग.

आता पासबुक हातात आहेच, तर २०२० च्या मे-जूनच्या ओळी बोट ठेवून वाचा. ३३० रुपयांची कपात दिसते का? ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची असण्याची दाट शक्यता आहे. हा विमा दोन लाखांचा आणि कोविडने झालेल्या मृत्यूलाही लागू. कित्येकांच्या घरच्यांना हा विमा असल्याचं ठाऊकच नव्हतं. दावा उशिरा नेताय, तर उशिराचं कारण लेखी द्या आणि नाकारला तर नकारही लेखीच मागा. शेजारी १२ रुपयांची कपात असेल तर ती अपघात विम्याची, ती इथे उपयोगाची नाही.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफबरोबर त्याला जोडलेल्या ईडीएलआय विम्याचेही पैसे असतात, कमाल ७ लाखांपर्यंत. कंपनीने पीएफचा अर्ज भरून घेतला आणि या विम्याचा राहिला, असं होतं. पीएफ कार्यालयात दोन्हींची स्थिती वेगवेगळी विचारा.

पायरी ६: सातबारा आणि सोसायटी

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यावा असं महसूल कायदा सांगतो, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ. फेरफार पडला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि मंजूर झाल्याचं स्वतः पाहा. ‘अर्ज दिलाय’ आणि ‘नोंद लागलीय’ यांत वर्षं जातात. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तरी तुमच्या उताऱ्यावर बदल झालाच असेल असं गृहीत धरू नका.

फ्लॅटच्या बाबतीत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मेंटेनन्सची पावती त्याच्या नावाने निघते, म्हणून तो फ्लॅट विकू शकतो असं नाही. वारस ठरले की हक्कसोडपत्र किंवा कोर्टाचं वारस प्रमाणपत्र देऊन नावं लावा. महाराष्ट्रात हे प्रमाणपत्र १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टातून मिळतं. नुसत्या ठेवी, शेअर यांच्यासाठी मोठ्या रकमांना उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात. त्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी पडते, म्हणून अर्जापूर्वी बँकेकडून ‘नेमकं कोणतं प्रमाणपत्र हवं’ हे लिहून घ्या.

वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या वतीने आईने हक्क सोडून देणं चालत नाही. त्याचा हिस्सा विकायचा असेल तर आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी. फ्लॅट विकायची घाई असलेले दलाल हे सांगत नाहीत.

पायरी ७: पन्नास हजार आणि पोरकी मुलं

सानुग्रह अनुदानाचा नियम उदार होता. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविडचाच धरायचा, दवाखान्याबाहेर झाला तरी. मुदत मात्र संपली. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस दिले होते. अतिशय अडचणीमुळे अर्ज करता आला नसेल त्यांना तक्रार निवारण समितीकडे जायची मुभा त्याच आदेशात ठेवली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी आशा कमी. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला उभं करू नका.

दोन्ही पालक गेलेल्या मुलांचं मात्र आता लक्ष ठेवून करायचं काम आहे. पीएम केअर्स योजनेत नोंद झालेल्या मुलाला १८ व्या वर्षापासून दरमहा रक्कम आणि २३ व्या वर्षी १० लाख मिळतात. तेव्हा बारा-तेरा वर्षांची असलेली मुलं आता अठराच्या उंबरठ्यावर आहेत. राज्य सरकारने ठेवलेली ५ लाखांची मुदत ठेव वेगळी. पोस्टाचं खातं, ठेवीची पावती, मुलाचं आधार हे सगळं जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात एकदा जुळवून घ्या. काका-मामांकडे कागद असतील तर ते मुलाच्या हाती देण्याची वेळ आली आहे.

पायरी ८: गुन्हे आणि निकाली निघालेले दावे

लॉकडाऊनमध्ये सरकारी आदेश मोडल्याबद्दल दंड संहितेच्या कलम १८८ खाली नाव आलं असेल तर ‘सरकारने मागे घेतले’ यावर विसंबू नका. निर्णय २०२२ मध्ये झाला, पण खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत जुना गुन्हा वर येतो तो इथेच. पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक घ्या, ई-कोर्ट्सवर स्थिती पाहा, आणि निकाली असेल तर आदेशाची नक्कल काढून ठेवा.

तुमचा जुना दावा चालू आहे की नाही तेही तिथेच प्रत्येक प्रकरणाला मिळणारा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून पाहता येतं. गैरहजेरीत निकाली निघाला असेल तर पुन्हा फाईलवर घेण्यासाठी ३० दिवस असतात, आणि त्यानंतर विलंब माफीचा अर्ज लागतो. त्यात नुसतं ‘कोविड होता’ लिहून भागत नाही. २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ वगळलेलाच आहे. कोर्ट विचारणार ते १ मार्च २०२२ नंतरचं. कोण आजारी होतं, वकील कधी वारले, निकाली निघाल्याचं कधी कळलं, नक्कल कधी मागितली, हे तारखांसह आणि कागदांसह लिहा. आणि एक लक्षात ठेवा: विलंब माफी अपिलाला आणि अर्जाला आहे, मूळ दाव्याला किंवा दरखास्तीला नाही. दावा मुदतबाह्य झाला असेल तर कोणताही वकील तो माफीच्या अर्जाने आत आणू शकत नाही. तसं सांगून फी घेत असेल, तर दुसरा वकील पाहा.